कुटुंबाचा वाटा

तो मुलगा आला तेव्हा मी दुकान वाढवत होतो. दिवेलागणीची वेळ होती. टांगलेल्या बांगड्यांच्या माळा मी काठीनं खाली घेत होतो आणि हर्षदा त्या रंग बघून पेटीत रचत होती. दारात एक उंच, चष्मा लावलेला मुलगा येऊन उभा राहिला. पाठीवर पिशवी, आणि पायातले बूट कुठं काढावेत याचा विचार तोंडावर.

"दहीवाळ यांचं घर हेच का?"

"घर मागं, दुकान पुढं. कोण पाहिजे?"

"मी विद्यापीठाकडून आलो आहे. हर्षदा दहीवाळ यांनी मदतीचा अर्ज केलाय, त्याची पाहणी करायला."

हर्षदा उठून उभी राहिली. हातातली माळ पेटीत ठेवायचं तिला सुचलं नाही.

"या, या, बसा," मी म्हणालो. "बऱ्या वेळेला आलात. दुकान आत्ताच वाढवलं. नाहीतर गिऱ्हाइकांत तुम्हाला टेकायला जागा मिळाली नसती."

तो हसला आणि पिशवीतून पाटीसारखा एक फोन काढून त्यावर काहीतरी लिहू लागला.

ते विद्यापीठ उत्तरेत होतं, डोंगराच्या पायथ्याशी. हर्षदाला गणिताचं वेड. तिच्या बारावीच्या सरांनी तिला तिथली परीक्षा द्यायला लावली, आणि देशातून जी थोडी पोरं निवडली त्यात म्हसवडच्या कासाराची पोरगी निघाली. तिथला वर्षाचा खर्च ऐकून माझी बायको शालन म्हणाली होती, "एवढ्यात आपली आख्खी गल्ली इकत येईल." पण त्यांचा एक नियम होता. ज्याला परवडत नाही त्याचं विद्यापीठ भरतं. घराला काय झेपेल ते तेच ठरवतात, तेवढं घरानं द्यायचं. त्याला ते कुटुंबाचा वाटा म्हणत. तो वाटा किती धरायचा हे बघायला हा मुलगा आला होता.

नाव कौस्तुभ सबनीस. आईवडील पुण्याचे, पण तो लहानाचा मोठा बंगळुरात झालेला. मराठी चांगलं बोलायचा, पण जपून बोलायचा. परक्याच्या घरी पाट थोडा मागं सरकवून बसावं तसा. मला तो आवडला. चहा दिला तर कपबशी स्वतः उचलून मोरीपाशी ठेवून आला.

"दुकान हे एकच का, काका?"

"घरचं हे एकच. सिद्धनाथाच्या देवळापाशी दुसरं, माझ्या वडिलांच्या वेळचं. ते गेल्या यात्रेनंतर वाढवलं."

"अच्छा. ते पण वाढवलं." त्यानं लिहिलं. "आणि माल? म्हणजे बांगड्यांचं प्रमाण काय राहतं?"

शालन मधल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आता काय सांगायचं? रोज चार-दोन वाढतातच की. यात्रेच्या गर्दीत तर लईच वाढल्या."

"म्हणजे यात्रा चांगली गेली."

"देवाच्या दयेनं," शालन म्हणाली. यात्रेला कुणी वाईट म्हणत नाही.

"दुकानात मदतीला कोणी?"

"ही," मी हर्षदाकडं बोट केलं. "लहान मापाच्या बांगड्या सगळ्या हीच भरते. माझा हा अंगठा आता दाबाला दुखतो. शाळेतल्या पोरी मला हात द्यायला भितात, म्हणतात हर्षूताई कुठं हाय."

हर्षदा खाली बघत होती. मुलानं तेही लिहून घेतलं. निघताना त्यानं शालनला वाकून नमस्कार केला, मला केला, आणि भिंतीवरच्या माळांकडं बघून म्हणाला, "फार सुंदर आहे हो तुमचं दुकान." बाहेरच्या दिव्यापलीकडं तो दिसेनासा झाल्यावर शालन म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय. ह्यानं लिहिलं तर चांगलंच लिहिल."

मे महिन्यात उत्तर आलं. हर्षदा ते सरांच्या घरी जाऊन वाचून आली. आली ती चप्पल काढून सरळ दुकानात बसली आणि लहान मापाची पेटी मांडीवर घेतली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मदत दिली."

"मग?"

"थोडी दिली. बाकीचा आपला वाटा."

किती, ते तिनं सांगितलं. तेवढे पैसे वर्षभरात आमच्या घरात येतच नव्हते, मग त्यातून द्यायचे कुठले?

शालन पदराला हात पुसत बाहेर आली. "एवढे आपल्यापाशी हायत असं त्यांना कोण म्हणालं?"

"त्यांचा हिशेब असतो, आई. सोड तू. मी दहिवडीच्या कॉलेजात नाव घालते. तिथं पण गणित हाय. रोज जाऊन-येऊन करता येईल, संध्याकाळी दुकानाला पण असंन."

एवढं बोलून ती बांगड्या वेगळ्या करायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं रडू नव्हतं आणि रागही नव्हता. दोन वर्षं जिनं त्या परीक्षेपायी झोप मोडली, तिनं एवढ्या लवकर दहिवडी म्हणावं, हे मला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन पाणी भरत होती. मी हंडा उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, तुमचा अंगठा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं. पोरीला पण जायचं नव्हतं वाटतं. बघितलं न्हाई, कशी गपगार बसली कामाला."

"जायचंय तिला."

"मग रडली का न्हाई?"

"सुटल्यासारखं झालं तिला. जायचं कारण आणि राहायचं कारण, दोन्ही उरावर होतं. एक आपोआप खाली पडलं."

"राहायचं कसलं कारण?"

मी अंगठा वर करून दाखवला. हंडा शालननं स्वतःच उचलला.

मी हर्षदाच्या मागं लागलो. फोन करून विचार तरी, हिशेब कसा घातला ते. विचारायला पैसे पडत नाहीत. ती आज-उद्या करत होती. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी तिचा फोन तिच्या हातात दिला आणि समोर बसून राहिलो. तिनं नंबर लावला. पलीकडं कोणी बोरकुटे मॅडम होत्या, नागपूरकडच्या. हर्षदा आधी हो, हो म्हणत होती. मग तिच्या भुवया चढल्या.

"नाही मॅडम, आमचा धंदा वाढलेला नाही... दोन्ही दुकानं? ...नाही हो, असं कोण म्हणालं?"

पलीकडच्या बाईंनी काहीतरी वाचून दाखवलं असावं. हर्षदा ऐकत राहिली. मग तिनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडं वळली.

"अण्णा, त्या सबनीसला तुम्ही काय सांगितलं?"

"जे हाय ते. खोटं कशाला सांगू?"

"देवळापाशी दुकान वाढवलं म्हणालात?"

"वाढवलंच की."

"आणि हे पण वाढवलं म्हणालात?"

"आला तेव्हा वाढवतच होतो. तू काय नव्हतीस व्हय?"

"अण्णा," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "त्यानं लिहिलंय, ह्या कुटुंबानं मागच्या वर्षभरात दोन्ही दुकानं मोठी केली. आणि माल रोज वाढतोय. यात्रेत तर फारच वाढला."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी शालनला हाक मारली. तिला कळायला त्याहून वेळ लागला. मग आम्ही तिघंही हसलो, हर्षदा तर डोळ्याला पाणी येईपर्यंत. फोन तसाच चालू होता. नंतर कळलं की बोरकुटे मॅडम पलीकडं हसत होत्या.

हे नव्या पोरांना सांगावं लागेल. कासाराच्या तोंडात काही शब्द येत नाहीत. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतो. सवाष्णीचा हात हातात घेऊन फुटण्याचं नाव घ्यायचं नसतं. तसंच दुकानाचं. संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान वाढवलं. धंदा बसला, कायमचं आवरलं, तरी वाढवलंच. माझ्या वडिलांना शेवटी बोलता येत नव्हतं, तरी शेजारी कोण दुकानाबद्दल वेडंवाकडं बोललं की ते हातानं थांबवायचे. मला अक्षरं आली ती चाळिशीत, रात्रीच्या वर्गात. पण हे शब्द मला त्याच्या किती तरी आधी शिकवले होते. देवळापाशीच्या दुकानाचा परवाना परत दिला तेव्हाही मी अर्जावर 'दुकान वाढवले आहे' असंच लिहिलं, आणि तिथल्या कारकुनानं काही न विचारता शिक्का मारला. तो म्हसवडचाच होता.

हर्षदानं मॅडमना सगळं समजावलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "मग झालं," मी म्हणालो. "चूक कळली. त्यांना म्हणावं नीट लिहा."

"असं होत न्हाई. मॅडमना कळलंय, पण निकाल समिती देणार. तुम्ही स्वतः फोनवर सांगायचं, ते रेकॉर्ड करणार, आणि त्याचं इंग्रजी करून समितीपुढं ठेवणार. समितीत मराठी कुणी न्हाई. म्हणून मॅडम म्हणाल्या, सरळ शब्दांत सांगा. वाढवलं, आवरलं, असलं काही नको. नाहीतर परत तसंच इंग्रजी होईल."

"सरळ शब्द म्हणजे?"

हर्षदा आईकडं बघून हळू म्हणाली, "बंद."

"अगं ए," शालन म्हणाली.

"मी नाही म्हणत. मॅडम म्हणतात."

"दुकानात बसून असलं बोलायचं? ह्यांच्या बापानं जन्मात तोंडातनं काढलं न्हाई."

"राहू द्या मग," हर्षदा म्हणाली. किती लगेच म्हणाली. "मी सांगते त्यांना, दहिवडीला घातलं नाव म्हणून."

"फोन कधी येणार?" मी विचारलं.

"परवा. कधी ते न्हाई सांगितलं."

फोन आला तेव्हा माझ्यासमोर नवरी बसली होती.

वरकुट्याच्या चांगुणाबाई लेकीला चुडा भरायला घेऊन आल्या होत्या. लग्न दुसऱ्या दिवशी. पूनम नाव पोरीचं, हाडापेरानं मोठी, हात शेतात काम केलेले. डावा हात भरून झाला होता आणि उजवा निम्म्यावर आला होता. मी तिला म्हणत होतो, "मूठ सैल सोड बाळ, अंगठा आत घे, हात तुझा न्हाईच असं समज." ती हसत होती आणि हात आणखी आवळत होती. नवरीचा हात एकदा धरला की चुडा पुरा होईपर्यंत कासार सोडत नाही. तसा रिवाज आहे.

हर्षदानं फोन उचलला. "मॅडम, अण्णा कामात आहेत. थोड्या वेळानं... आजच? ...समिती बसलीय का?" तिनं माझ्याकडं बघितलं, नवरीकडं बघितलं, आणि म्हणाली, "अण्णा, राहू द्या. नवरीपुढं नको. मी नको म्हणून सांगते."

तिचं बोट फोनवर गेलंच होतं.

"ठेवू नकोस," मी म्हणालो. "मोठ्यानं लाव आणि इथं धर."

"अण्णा, अहो, नवरी..."

"धर म्हणतो ना."

चांगुणाबाईंनी विचारलं, "कुणाचा फोन, दादा? काय झालं?"

मी काही बोलायच्या आत शालननंच सांगितलं. ती कधी दारात येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. म्हणाली, "हर्षूला लांब शिकायला बोलावलंय. पण ह्यांनी फोनवर एक वंगाळ शब्द बोलल्याबिगर मदत मिळत न्हाई. दुकानाचा शब्द. आता तुमची पोरगी चुड्याला बसलीय, कसं बोलावं?"

शालननं हे सांगावं याचं मला नवल वाटलं. तिला गप्प बसता आलं असतं, आणि सगळं आपोआप मिटलं असतं.

चांगुणाबाईंनी हर्षदाकडं बघितलं. "लांब म्हणजे किती लांब?"

"रेल्वेनं दोन दिवस," हर्षदा म्हणाली.

"आणि एका शब्दावर अडलंय."

"व्हय."

त्या उठल्या, पदर खोचला आणि लेकीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही तळव्यांनी तिचे कान घट्ट झाकले. "बोला दादा. लई आवाज चढवू नका म्हणजे झालं."

"आई, मला ऐकू येतंय की," पूनम म्हणाली.

"गप. ऐकू येत न्हाई म्हण."

"ऐकू येत न्हाई."

"हां. बोला तुम्ही."

फोनमधून बोरकुटे मॅडमचा आवाज आला. "दहीवाळ काका, नमस्कार. तुमचं बोलणं रेकॉर्ड होऊन राहिलंय, चालेल ना?"

"चालंल."

"देवळाजवळ तुमचं जे दुसरं दुकान होतं, त्याचं काय झालं, ते सांगा."

"ते..." मी म्हणालो. "ते आवरलं."

"आवरलं म्हणजे, काका?"

"मिटवलं."

"मला समजते हो काका. पण मला समजून उपयोग नाही. ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागला पाहिजे."

पूनमचा हात माझ्या हातात होता. गरम, घामेजलेला. चांगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. शालन भिंतीकडं तोंड करून उभी होती. हर्षदा फोन धरून माझ्याकडं बघत होती, आणि मी बोलू नये असं तिला वाटतंय की बोलावं असं वाटतंय, ते तिच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

"बंद केलं," मी म्हणालो. "कायमचं बंद केलं. भाडं झेपेना."

"आणि आता जे दुकान आहे ते?"

"ते चालू हाय. सकाळी उघडतो, संध्याकाळी बंद करतो. मोठं केलेलं न्हाई. माझ्या बापाच्या वेळी जेवढं होतं तेवढंच."

"माल वाढतो असं लिहिलंय इथं."

"फुटतो," मी म्हणालो. "बांगड्या फुटतात. भरताना फुटली तर आम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेत न्हाई. नुकसान आमचं."

एकदा तोंड उघडल्यावर शब्द येत गेले. पूनमचा हात हलला नाही.

"ठीक आहे, काका. फार चांगलं सांगितलं. आता एकच राहिलं. तुमचं कुटुंब आपल्याकडून काय देऊ शकते? कुटुंबाचा वाटा म्हणून काय लिहू?"

मला वाटलं होतं की सगळं सांगून झालं. हा प्रश्न येईल असं कुणी म्हणालं नव्हतं. मी हर्षदाकडं बघितलं. तिच्या दुसऱ्या हातात पूनमला पुढं भरायच्या चार बांगड्या होत्या. माझा हात पोचतो तिथं, बरोबर मापाच्या, मी न मागता काढून धरलेल्या.

"पोरगी देतोय," मी म्हणालो. "ते कुठं लिहायचं?"

फोन गेला की काय असं वाटून हर्षदानं तो उलटा करून बघितला.

"त्याला रकाना नाही, काका," मॅडम म्हणाल्या.

"मग राहू द्या."

"मी शून्य लिहिते."

"लिहा."

फोन ठेवल्यावर चांगुणाबाईंनी हात काढले. पूनमचे कान लाल झाले होते. "झालं?" तिनं विचारलं. "झालं," मी म्हणालो, "आता मूठ सोड." या वेळी तिनं ती खरंच सोडली, आणि उरलेल्या बांगड्या अलगद चढल्या. चुडा पुरा झाला. तिनं वाकून नमस्कार केला, मी आशीर्वाद दिला, शालननं कुंकू लावलं. जाताना चांगुणाबाई हर्षदाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "एकाच साली दोघी चालल्या म्हणायच्या." त्या दिवशी दुकानात काय बोललं गेलं ते त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढं नवऱ्या माझ्याकडं आल्या नसत्या.

त्या गेल्यावर हर्षदा माझ्यावर उखडली.

"मला विचारलं का तुम्ही, मला जायचंय का म्हणून?"

"आता विचारतो. जायचंय का?"

ती उरलेल्या बांगड्या पेटीत रचायला लागली.

"बोल की."

"लहान पोरींना बांगड्या कोण भरणार?"

"लहान पोरी मोठ्या होतात."

"चेष्टा नका करू, अण्णा. नव्या लहान होतात त्यांचं काय? तुमचा अंगठा किती सुजतो ते मला दिसत न्हाई व्हय?"

"अंगठ्याचं मी बघतो. तुला जायचंय का, एवढंच विचारलं."

तिनं पेटीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "जायचंय," ती म्हणाली. इतक्या हळू की शालनला आतून विचारावं लागलं, काय म्हणालीस गं?

"जायचंय म्हणाली," मी सांगितलं.

जुलैच्या सुरुवातीला पूर्ण मदतीचं पत्र आलं. गावात बातमी झाली. जो भेटेल तो म्हणायचा, "मुरलीशेठ, नशीब काढलं. सगळं फुकट की हो." मी हो म्हणायचो. खरंच शिकण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे आम्हाला द्यावे लागले नाहीत. शालननं गोधडी शिवली, सरांनी जुना स्वेटर दिला. लहान मुली आल्या की मी त्यांना समोरच्या रशीद मणेराच्या बांगड्यांच्या दुकानात पाठवू लागलो. पहिल्या दिवशी रशीद स्वतः रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "काय चाचा, भांडण काढायचंय का माझ्याशी? गिऱ्हाईक का पाठवताय?" मी त्याला अंगठा दाखवला. तो थोडा वेळ बसला, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला, "लग्नाच्या चुड्याला मी हात लावणार न्हाई. ते तुमचंच."

जायचा दिवस आला. शालनचा भाऊ हर्षदाला पोचवायला निघाला होता. आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. पुण्याची गाडी लागली होती. मेहुण्यानं ट्रंक टपावर चढवली. हर्षदा आईच्या गळ्यात पडली, रडली, नाक पुसलं, परत रडली. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. ती पायरीवर चढली, दांडा धरून वळली आणि म्हणाली, "अण्णा, येते."

आपल्याकडं निघणारा माणूस येतो म्हणतो, आणि राहणारा ये म्हणतो. चार घरं सोडून जाणारा असला तरी. शालन म्हणाली, "ये गं बाय. लवकर ये." हर्षदा माझ्याकडं बघत थांबली. तिचा एक पाय अजून खालच्या पायरीवर होता. त्या तोंडावर मला परत तेच दिसलं, दहिवडी म्हणताना होतं ते. कुणीतरी नुसतं बोट लावलं असतं तरी ती उतरली असती. ट्रंक खाली घ्या म्हणाली असती. आणि मी घेतली असती.

मी म्हणालो, "जा."

शालननं माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. मेहुणा खिडकीतून म्हणाला, "अहो भावजी, असं काय बोलताय?" हर्षदा एकटक बघत राहिली.

"जा," मी परत म्हणालो.

तिनं खालचा पाय वर घेतला. दार लागलं.

घरी येईपर्यंत शालन माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हर्षदाचा फोन आला, पोचले म्हणून, तेव्हा शालननं फोन माझ्याकडं दिला आणि पहिला शब्द बोलली, "घ्या."

याला आता बरीच वर्षं झाली. हर्षदा तिकडंच शिकली, तिकडंच शिकवायला लागली, तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं. तो बंगाली आहे. लग्नाचा चुडा मीच भरला. वर्षातून एकदा येते, पाहुण्यासारखी चार दिवस राहते. आल्यावर पहिला दिवस तिचं मराठी थोडं अडखळतं, दुसऱ्या दिवशी नीट होतं.

गेल्या दिवाळीत जेवताना तो स्टँडवरचा विषय निघाला. शालन म्हणाली, "ह्यांनी त्या दिवशी ये म्हणायचं सोडून जा म्हणलं, म्हणून पोरगी परत आली न्हाई. जीभ म्हणतात ती हीच."

हर्षदा म्हणाली, "आई, अण्णा ये म्हणाले असते तर मी उतरलेच असते. पाय खालीच होता माझा."

दोघींनी माझ्याकडं बघितलं, कुणाचं बरोबर ते सांगा म्हणून.

"दोघींचंही," मी म्हणालो, आणि शालनला भात वाढायला सांगितला.